सरकारजमा झालेलं नाव

आमच्या गावात एका जिवंत माणसाचं नाव सरकारजमा झालं. गावाचं नाव देवरुंद. ते सांगायला हरकत नाही, ते कधी जप्त झालेलं नव्हतं. ज्यांचं झालं ते आमच्या नगराध्यक्षा कुमुदताई बेहेरे यांचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यामुळे माझं फारसं अडलं नाही. अडलं ते बाकीच्यांचं. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान त्यांच्या घराच्या बरोबर समोर आहे, तेव्हा जे सांगते ते मशीनवर बसून डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मूळ भानगड नगरपरिषदेच्या ई-मेलची. ताई निवडून आल्या तेव्हा जिल्ह्याहून एक इंजिनिअर आले आणि त्यांनी ताईंना समजावलं, की पासवर्ड लांबलचक हवा, पाठ हवा, कुठे लिहिलेला नको आणि सहसा तोंडातून निघणार नाही असा हवा. आता आमच्याकडच्या बाईला असं सांगितल्यावर ती दुसरं काय ठेवणार? ताईंनी उखाणा ठेवला. लग्नात माप ओलांडून सासरी आल्या तेव्हा घेतला होता तोच, नवऱ्याच्या नावासकट. एरवी नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडात यायचं नाही, ‘अहो’वर सगळा संसार झाला होता. इंजिनिअरनीही पाहून मान डोलावली आणि मजबूत आहे म्हणून सांगितलं.

दोन संक्रांती नीट गेल्या. तिसऱ्या वर्षी नगरपरिषदेच्या सभागृहात महिलांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. माईक होता, मागे बॅनर होता, आणि पुढे तीनेकशे बायका. बायका म्हणजे काय, त्यांनी घोशाच लावला, ताई नाव घ्या, ताई नाव घ्या. ताईंनी त्या दिवसासाठी नवा उखाणा बसवला होता, गावाच्या स्वच्छतेवरचा. ओला कचरा, सुका कचरा इथपर्यंत आल्या आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. माणूस घाबरला की जे हाडात मुरलेलं असतं तेच बाहेर येतं. ताईंनी डोळे मिटून तो जुना उखाणा सबंध म्हटला. टाळ्या पडल्या. मग त्यांनी डोळे उघडले, पदर तोंडाला लावला आणि माईक तसाच समोर असताना म्हणाल्या, “अगं बाई, हा तर ऑफिसचा.”

एवढं बोलल्या नसत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ताई तशाच आहेत. मनात आलं की ओठांवर.

बायका वाण घेऊन घरी पोचेपर्यंत निम्म्या गावाने नगरपरिषदेचा मेल उघडला होता. पुढचे आठ दिवस गावात दुसरं काही वाचलंच गेलं नाही. लोकांना वाटलं होतं आत मोठं घबाड निघेल, कोणी खाल्लं, कोणाला दिलं. निघालं काय, तर गटारीच्या तक्रारी, मोकाट डुकरांच्या तक्रारी, आणि त्यातल्या प्रत्येकीला ताईंनी दिलेलं उत्तर, ‘तुमचं म्हणणं खरं आहे, मलाही त्याचं वाईट वाटतं.’ एवढा बोभाटा होऊन हाती काहीच लागलं नाही, याचा लोकांना जास्त राग आला. आमच्या शेजारचे पानवाले मुरलीधर कासार तर म्हणाले, “चोरी झाली आणि चोराला काही मिळालं नाही, म्हणजे घरमालकाने फसवलंच की.”

तरी वाचण्यावर भागलं असतं. पण काही जणांनी त्याच मेलवरून जिल्ह्याला पत्रं धाडली, की बसचा थांबा आमच्या दारासमोर असावा. अशी बरीच पत्रं गेली आणि सगळीच मंजूर होऊन आली. बस गावात शिरली की दारोदार थांबत जायची, जोगवा मागितल्यासारखी. जिल्ह्याला पोचायला दुपार व्हायची. तेव्हा मात्र वरचे लोक जागे झाले.

इकडे मोर्चा निघाला. ज्यांनी ज्यांनी मेल वाचला होता ते सगळे मोर्चात होते. गावाची गुपितं गावापुढे उघडी केली, राजीनामा द्या, अशी मागणी होती. ताई बाहेर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “चूक माझीच आहे. राजीनामा आत्ता देते.” आत जाऊन त्यांनी दिलासुद्धा. पण नगराध्यक्षांचा राजीनामा कार्यालयाच्या मेलवरून जावा लागतो, आणि तो मेल आता भरवशाचा राहिला नसल्यामुळे तिथून आलेला राजीनामा धरता येत नाही, असं उत्तर आलं. लोकांचा राग तसाच शिल्लक राहिला, आणि त्याचं करायचं काय ते कोणाला कळेना.

मग चौकशीसाठी चिंचाळकर साहेब आले. सडपातळ, हळू बोलणारे, चहाला नाही म्हणणारे. सभागृहात गाव बोलावलं. कोणीतरी विचारलं, “साहेब, पासवर्ड बदलून टाका की. विषय संपला.”

“बदलता येईल,” साहेब म्हणाले. “त्यासाठी अर्ज त्याच मेलवरून यायला हवा. पण तिथून आलेला अर्ज विश्वासार्ह मानता येत नाही. तेव्हा पासवर्ड तोच राहील. तो पुन्हा गुप्त कसा होईल, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.”

“सगळ्या गावाला माहीत झालेली गोष्ट गुप्त कशी होणार?”

“गावाने ती विसरायची.”

सभागृहात थोडी चुळबूळ झाली. साहेबांनी समजावून सांगितलं, की उखाण्यातले बाकीचे शब्द कुठेही सापडतात, चांदीचं ताट, रेशमाचा धागा, त्यांना कोण हात लावणार? मुख्य ऐवज म्हणजे नाव. ते ताब्यात घेतलं की उखाणा लंगडा होतो. यापुढे ते नाव गावात कोणी उच्चारू नये, लिहू नये आणि शक्यतो आठवू नये. पुन्हा ऐकू आलं तर नगराध्यक्षांवर गुन्हा दाखल होईल. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.

लोकांना ताईंना काहीतरी शिक्षा हवीच होती. सगळ्यांनी हात वर केले. शिक्षा ताईंच्या वाट्याला जात नाहीये, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. आज त्या सभेचा विषय निघाला की गावातली माणसं खाली बघतात.

साहेबांनी भाऊजींकडे वळून विचारलं, “आपली काही हरकत?”

भाऊजी मागच्या रांगेत बसले होते. उठले आणि हसून म्हणाले, “घ्या की. तसंही घरात माझं नाव कोण घेतंय?”

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. भाऊजींनी मात्र ते चेष्टेतच नेलं. त्यांच्या बायकोवर गुन्हा दाखल होणार नव्हता, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

जप्ती रीतसर झाली. दारावरची पाटी उतरवली. गावात त्या नावाचे आणखी दोघे होते. त्यातले एक मुलाकडे ठाण्याला निघून गेले आणि दुसऱ्यांनी पाळण्यातलं नाव वापरायला काढलं. शाळेत त्या वर्षी ऋतू पाचच शिकवले. पोरांनी विचारलं तर गुरुजी म्हणायचे, सहावा चौकशीत आहे. सगळ्यात जास्त वेळ भांड्यांना लागला. भाऊजींचा हात सढळ. गावात कुठलं लग्न, कुठली मुंज असो, स्टीलचं भांडं आणि त्यावर नाव घातलेलं. असं एक घर नव्हतं जिथे त्यांच्या नावाचं ताट किंवा डबा नाही. सगळी भांडी टेम्पोत भरून नेली. माझं जाड बुडाचं पातेलं गेलं, दूध कधी खाली लागायचं नाही त्यात. मी साहेबांना म्हटलं, नाव घासून देते, पातेलं ठेवा. ते म्हणाले, घासलेलं नावही हाताला लागतं.

शेवटी साहेब ताईंच्या घरी गेले. ताईंच्या उजव्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेतलं. शेवटी लांब बाह्यांवर तडजोड झाली. ते ब्लाऊज मीच शिवले. ऐन वैशाखात ताई मनगटापर्यंत बाह्या घालून हिंडायच्या.

जाताना साहेबांनी भाऊजींना एक सूचना दिली. मी ब्लाऊज द्यायला गेले होते, माझ्यासमोरच दिली. “कोणी चुकून ते नाव घेतलंच, तर आपण वळायचं नाही. आपण वळलात की नाव कोणाचं आहे ते सिद्ध होतं.”

“मान आपोआप वळते हो,” भाऊजी म्हणाले.

“सवय करावी लागेल.”

आता भाऊजी कसे होते ते सांगायला हवं, त्याशिवाय हे कळायचं नाही. भाऊजी म्हणजे बाजारातून मेथीची जुडी आणायला तास लावणारा माणूस. चार पावलं गेले की कोणीतरी हाक मारायचं. न्हाव्याच्या दुकानातून, रिक्षातून, वरच्या गॅलरीतून, नुसती नावाची हाक. काम काही नसायचं. मुलगी कशी आहे, गुडघा काय म्हणतो, एवढंच. ताई नगराध्यक्षा असल्या तरी गाव ओळखायचं ते यांना. ताई चिडवायच्या, “मतं तुमच्या नावावर पडली, खुर्चीत मला बसवलं.” आणि ते खरंच होतं.

नाव गेल्यावर पहिले काही दिवस लोकांना गंमत वाटली. कोणी टाळी वाजवायचं, कोणी ‘ओ शुक शुक’ करायचं. शुक शुक कोणाला करतात? साठीच्या माणसाला करतात का? मग ‘ताईंचे मिस्टर’ म्हणून पाहिलं, पण ते लांबून ओरडता येत नाही. मुरलीधर एकदा बोलायच्या भरात पहिलं अक्षर उच्चारून बसले आणि तसेच तोंड दाबून दुकानात शिरले. तेव्हापासून लोकांनी धसका घेतला. समोरून भाऊजी आले की नाव तोंडातून निसटेल म्हणून माणसं रस्ता ओलांडायची. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मेथी आता लगेच घरी यायला लागली.

भाऊजींनी सवय मात्र मनापासून केली. चौकातल्या बाकावर जाऊन बसायचे. सुरुवातीला कोणीतरी टवाळ मागून हळूच नाव टाकायचा, आणि यांची मान थोडी हलायची, मग थांबायची. घरी येऊन ताईंना म्हणायचे, “आज जरा हलली गं.” ताई म्हणायच्या, “एवढं काय मनाला लावून घेता? नावावाचून अडतंय का काही? मी कधी घेतलंय तुमचं नाव?” ताईंना ते खरंच कळलं नव्हतं. त्यांच्या हाकेत फरक पडलाच नव्हता. त्या ‘अहो’ म्हणायच्या, भाऊजी ‘काय गं’ म्हणायचे, घरातलं सगळं पहिल्यासारखं चाललं होतं.

त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवाळीला. ताई माझ्याकडे आल्या आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या. म्हणाल्या, “निमा, सकाळी यांना विचारलं, फराळाचं ताट कोणाकोणाकडे द्यायचं. तर म्हणाले, मला कोण ओळखतं, तूच ठरव.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “उखाणा माझा होता. चूक माझी होती. भोगलं त्यांनी.”

मला फार वाईट वाटलं. मी मशीन बंद करून त्यांच्याशेजारी बसले.

त्यानंतर ताईंनी जिल्ह्याला किती खेटे घातले त्याला गणती नाही. नाव परत द्या, माझं पद घ्या, असा एकच धोशा. गावही बदललं होतं. ज्यांनी मोर्चात घसा कोरडा केला त्यांनीच सह्यांची मोहीम काढली. पण निवेदनात कोणाचं नाव परत मागतोय ते लिहिता येईना, म्हणून ते कोऱ्या जागेसह गेलं आणि अपूर्ण म्हणून परत आलं.

शेवटी सुटका झाली ती आपोआप. सरकारने सगळ्या नगरपरिषदांचे जुने मेल बंद करून नवे दिले. जुना पासवर्ड निरुपयोगी झाला. तेव्हा एका सकाळी चिंचाळकर साहेब स्वतः आले, हातात लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट. अंगाने आणखी वाळले होते. या वेळी चहाला हो म्हणाले.

“नाव परत करायचं आहे,” ते म्हणाले. “पण ते ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. ओळख पटवावी लागेल.”

ताई म्हणाल्या, “अहो, अख्खं गाव सांगेल हे तेच म्हणून.”

“गावाला तर ते नाव माहीत नसायला हवं,” साहेब म्हणाले. “साधी पद्धत अशी. आपण त्यांना बेसावध असताना नावाने हाक मारायची. ते वळले की झालं. मी इथे सही घेतो आणि निघतो.”

“मी मारू?”

“पत्नीने मारलेली उत्तम.”

“उखाण्याशिवाय?”

“उखाण्याशिवाय. नुसतं नाव.”

भाऊजी समोर चौकातल्या बाकावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. बाजाराची वेळ, चौक माणसांनी भरलेला. ताई पायरीवर आल्या. मीही दुकान सोडून पायरीपाशी आले. साहेब आले आहेत ही बातमी तोवर पसरली होती, त्यामुळे एकेक जण जागच्या जागी उभा राहिला. मुरलीधर हातातलं पान हातातच धरून थांबले. ताईंचं तोंड लाल झालं होतं, नव्या नवरीसारखं. त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली, गोंदणाकडे पाहिलं, जणू चुकायला नको, आणि हाक मारली.

“हेमंत.”

आवाज बारीक निघाला. भाऊजी हलले नाहीत. साहेब म्हणाले, “थोडं मोठ्याने.”

“हेमंत.” आता सगळ्या चौकाने ऐकलं. दोन वर्षांनी ऐकलं आम्ही ते नाव, अंगावर काटा आला माझ्या. न्हाव्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सगळे भाऊजींच्या मानेकडे बघत होते. ती मान जराही वळली नाही. भाऊजी समोरच्या रिक्षावाल्याकडे बघत पाय हलवत बसले होते.

“हेमंत, इकडे बघा. हेमंत.” ताईंचा आवाज फाटला. मला राहवलं नाही. मी साहेबांना म्हटलं, “अहो साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना वळू नका म्हणून?”

“ती सूचना त्या वेळी योग्य होती,” साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “ते ती एवढी मनावर घेतील असं वाटलं नव्हतं.”

ताई पायरी उतरून दोन पावलं पुढे गेल्या. आणखी एकदा नाव घेतलं, मग डोळ्यांना पदर लावला, आणि न ठरवता त्यांच्या तोंडून निघालं, “अहो.”

चौकातले सगळे नवरे वळले. मुरलीधर वळले, रिक्षावाला वळला, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला माणूस वळला. भाऊजीही वळले.

साहेबांनी मान हलवली. “हे ग्राह्य धरता येणार नाही,” ते म्हणाले. त्यांनी पाकिटावर ‘हक्कदार आढळला नाही’ असं लिहिलं आणि चहाचा कप पायरीवर नीट कडेला ठेवून ते गेले.

भाऊजी बाकावरून उठून घराकडे आले. ताईंचे डोळे पाहून थबकले.

“काय गं? कोणाला एवढ्या हाका मारत होतीस?”

ताईंनी बाही खाली ओढून घेतली. “होते एक ओळखीचे,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, इकडून चाललेत.”

भाऊजींनी मागे वळून सगळा रस्ता नीट पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“इकडे कोणी नाही गं,” ते म्हणाले.